ऑरिनच्या हेल्मेटचं भोक

माझ्या नवऱ्याच्या हेल्मेटला डाव्या कानापाशी भोक आहे. आपटून धोपटून पडलेलं नव्हे, हौसेनं पाडलेलं. नवं हेल्मेट घरात आलं की ऑरिन आधी शिकारीतल्या एल्क हरणाची हाडं कापायची करवत काढतो, हेल्मेट दोन गुडघ्यांत धरतो आणि तळहाताएवढा तुकडा कापून मोकळा होतो. का, तर इंजिन नीट ऐकू यावं म्हणून. त्याचं बघून गावातल्या निम्म्या पोरांनी आपापल्या हेल्मेटांना भोकं पाडली, आणि त्यांच्या आयांनी येऊन मला बोल लावले. करणारा एक आणि ऐकून घेणारी दुसरी, हा आमच्या संसाराचा जुनाच रिवाज आहे.

तर त्या भोकातून तीस-पस्तीस हिवाळे इंजिनांचं किंचाळणं आत घेऊन घेऊन त्याचा डावा कान गेला. उजवाही त्याच्या मागोमाग निघाला होता. हे मला ठाऊक होतं, आमच्या कुत्रीला ठाऊक होतं, फक्त ऑरिनला मान्य नव्हतं. "नॅडीन, तू हल्ली पुटपुटतेस," असं म्हणायचा. मी पुटपुटते! माझा आवाज चुलीपासून पेट्रोलच्या पंपापर्यंत जातो, वाटेत गिऱ्हाइकं दचकतात.

आमच्या टॉलिव्हर गावात रस्ता संपतो. बर्फ काढणारी गाडी आमच्या खानावळीसमोर वळते आणि परत जाते. तिथून पुढे मे उजाडेपर्यंत कुठं जायचं तर बर्फगाडीवर बसूनच. मी पुढे चिली नावाचा तिखट खिमा आणि दालचिनीचे रोल विकते, आणि मागच्या शेडमध्ये ऑरिन गाड्यांचे क्लच लावतो. नुसता दुरुस्त करत नाही, लावतो. तंबोरा लावतात तसा. लांबलांबच्या गावांतून लोक ट्रेलरवर गाड्या घालून त्याच्याकडे यायचे.

मला यंत्रातलं फार कळत नाही, पण इतक्या वर्षांत कानांवर पडलंय तेवढं सांगते. बर्फगाडीला गिअर टाकावे लागत नाहीत. इंजिनाकडे दोन चकत्या, गाडीखाली चाकांऐवजी जो रुंद पट्टा फिरतो त्याच्याकडे दोन चकत्या, आणि मध्ये रबरी बेल्ट; या सगळ्याला म्हणायचं क्लच. इंजिन फिरलं की चकत्यांमागची बोटाच्या पेराएवढी वजनं बाहेर फेकली जातात, चकत्या जवळ सरकतात, बेल्ट वर चढतो आणि पट्टा वेग घेतो. वजनं जास्त जड झाली तर इंजिन दबतं. जास्त हलकी झाली तर इंजिन मोकाट सुटतं, बोंबलतं खूप, पण त्याची ताकद पट्ट्यापर्यंत पोचत नाही.

आणि आमच्याकडे सगळा खेळ पट्ट्याचा. कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात गाडी धावत नाही, पोहते. चढणीवर ती माणसाच्या चालीनं वर सरकते, पण त्याच वेळी खाली पट्टा तासाला पन्नास मैलांनी फिरत असावा लागतो. तो मंदावला की गाडी आपलाच खड्डा खणते आणि त्यात जाऊन बसते. मग फावडं काढा आणि देवाचं नाव घ्या.

जानेवारीत तेच झालं, आणि भलत्या वेळी झालं.

गावाजवळ पोस्टमास्तर नावाची एक चढण आहे, तिच्यापलीकडे खोलगट रान आहे. तिथे शहरातून आलेल्या एका स्कीवाल्याची मांडी मोडली. आमच्या बचाव पथकाची प्रमुख डार्सी पेल्हॅम पथकाची गाडी घेऊन गेली. मागे ओढायला स्ट्रेचरची घसरगाडी. त्या माणसाला तिच्यात बांधून घरी यायचं तर पोस्टमास्तरची चढण चढून खिंडीत यावं लागतं, दुसरी वाट तळ्याला वळसा घालून जाते आणि अर्धा दिवस खाते. पथकाचा रेडिओ माझ्या गल्ल्यावर असतो. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे होतो. डार्सीनं चढण धरली तशी रेडिओतून गाडीची किंचाळी आली, आणि ऑरिन खुलला.

"ऐका, ऐका! कशी गातेय!" त्यानं रेडिओ कानाला लावला होता. गाडी त्यानंच लावलेली.

मला मात्र गाण्याच्या आतून डार्सीचा आवाज ऐकू येत होता. "बसतेय! बसतेय ही! मागे व्हा!" आणि मग ऐकवणार नाहीत अशा चार शिव्या.

तीनदा प्रयत्न करून त्यांनी शेवटी तळ्याचा वळसा घेतला. आमच्याकडे समोरून येणाऱ्याला आपल्यामागे किती गाड्या राहिल्यात ते बोटांनी दाखवायची पद्धत आहे. नुसती मूठ दाखवली तर समजायचं, माझ्यामागे आता कुणी नाही. संध्याकाळी पथकातला हब हॅस्कर पहिला गावात शिरला तो एक बोट वर करून. मागची ती एक गाडी म्हणजे डार्सी आणि तो स्कीवाला. ते पोचले तेव्हा माणूस जिवंत होता, पण त्याच्या पायाची दोन बोटं थंडीनं गेली.

दुसऱ्या दिवशी डार्सी खानावळीत आली. ती लहानपणी आमच्या शेडमध्येच लोळलेली, ऑरिनच्या हाताखाली स्पॅनर धरायला शिकलेली. म्हणून तिला बोलायला जड जात होतं, आणि म्हणूनच ती उभ्याउभ्या बोलली.

"ऑरिन, गाडी मी खाली शहरात पाठवतेय. तिथले लोक कॉम्प्युटरवर क्लच लावतात."

"बर्फ सडका होता," ऑरिन म्हणाला.

"बर्फ चांगला होता."

"मग पेट्रोलात पाणी असेल."

"पेट्रोल माझ्या पंपाचं होतं," मी म्हणाले. "तोंड सांभाळ."

"तू अंगठा सोडला असशील चढणीवर," ऑरिन डार्सीला म्हणाला. आमच्या गाड्यांचा वेग उजव्या अंगठ्याखाली असतो, आणि चढणीवर अंगठा सोडलास म्हणणं म्हणजे सरळ भित्रा म्हणणं. 

डार्सी लालेलाल झाली, पण आवाज चढवला नाही. "येत्या रविवारी मी स्ट्रेचरमध्ये गोण्या भरून तीच चढण चढणार आहे. वर आले तर गाडी तुझ्याच हाताखाली राहील. नाही आले तर ती सोमवारी शहरात जाईल. लोकांचे पाय कापायला लावून मी नाती जपू शकत नाही रे."

ती गेली. ऑरिन रोल कुस्करत बसला.

पथकाची गाडी गेली तर बाकीच्याही जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आमचा मुलगा वेड ॲरिझोनात असतो. त्यानं मागची खोली आमच्यासाठी रंगवून ठेवली आहे, दर फोनला तिचा रंग सांगतो. ऊन भरपूर आहे म्हणतो. मला उन्हाशी भांडण नाही. पण ऑरिनच्या हातातून क्लच काढून घेतला तर मागे जो खुर्चीत बसलेला म्हातारा उरेल, त्याच्याबरोबर मला म्हातारं व्हायचं नव्हतं. माझं प्रेम आहे त्या माणसावर, आणि ते ग्रीसचे हात माझ्या टॉवेलांना पुसणाऱ्या माणसावर आहे.

मी शेडमध्ये गेले. तो पाठमोरा, क्लचवर वाकलेला. मी दारातच उभी राहिले.

"ऑरिन, शेडला आग लागलीय."

तो कानस घासत राहिला.

"ऑरिन, मी हब हॅस्करबरोबर पळून चाललेय. त्यानं दात बसवून घेतलेत."

कानस चालूच. मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला तसा तो हातभर उडाला.

"केव्हा आलीस?"

"आग लागली तेव्हा," मी म्हणाले. "तुला ऐकू येत नाही."

"काय?"

"हेच!"

त्यानं कानस खाली ठेवली. आता चिडेल असं वाटलं होतं, पण तो चिडला नाही, ते मला जास्त लागलं. "जे ऐकायचं ते येतं मला," तो म्हणाला. "इंजिन ऐकू येतं."

"येत असेल. मग माझं काय नुकसान? मला मागे बसव. तू ऐक, मी काटे वाचते."

गाडीवर दोन काटे आहेत, एक इंजिनाच्या फेऱ्यांचा, दुसरा पट्ट्याच्या वेगाचा. ऑरिननं आयुष्यात त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. चढणीवर तोंडावर बर्फाचा मारा असतो आणि डोळे झाडांवर ठेवावे लागतात, हे त्याचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. शिवाय काटे खोटं बोलतात आणि कान बोलत नाही, हेही त्याचंच म्हणणं.

"तू मागे बसलीस तर वजन..." त्यानं वाक्य अर्ध्यावर सोडलं. इतकी वर्षं संसार केल्यावर तेवढी अक्कल येतेच.

"बोल की. स्ट्रेचरवरच्या माणसाएवढी भरते मी. गोण्या भरायचा त्रास वाचला तुझा."

नव्या बर्फानं पुन्हा कोरी झालेली पोस्टमास्तरची मधली चढण रविवारसाठी तशीच ठेवायची होती, म्हणून आम्ही तिच्या डाव्या अंगाला, जळक्या पाइनच्या झाडांपाशी गेलो. त्या आठवड्यात बर्फ बसलेला होता, डार्सीच्या लोकांनी खड्डा खणून पाहिला होता, बर्फाचा कडा घसरून अंगावर यायची भीती नव्हती. अडचण वेगळीच होती. एकदा गाडी वर गेली की तिथला बर्फ दबतो आणि दबलेल्या बर्फावर कुठलंही धूड चढतं. म्हणजे प्रत्येक नवी जुळणी कोऱ्या बर्फावरच बघायची, आणि कोऱ्या बर्फाची एक एक पट्टी कायमची खर्ची घालायची. झाडांच्या मध्ये अशा मोजक्याच जागा होत्या.

आमचं ठरलं ते असं. मी त्याच्या पाठीला चिकटून बसायचं, मान काढून काटे बघायचे. इंजिन आठ हजार फेऱ्यांच्या पुढे फाजील पळालं तर उजव्या खांद्यावर थाप. पट्टा मंदावला तर डाव्या. सगळं नीट असेल तर हात नुसता ठेवायचा.

त्यानं अंगठा दाबला. जी किंचाळी उठली, माझ्या दातांत कळ आली. बर्फ तोंडावर आपटत होता, मी हातमोज्यानं काच पुसत होते आणि पाहते तर इंजिनाचा काटा आठ हजाराच्या कितीतरी पुढे, आणि पट्ट्याचा काटा घसरतोय, चाळीस, पस्तीस, तीस. मी दोन्ही खांदे बडवत सुटले. ढोल बडवावा तशी. अर्ध्या चढणीवर गाडीनं नांगी टाकली.

ऑरिन वळला. दाढीत बर्फ, डोळे चमकताहेत. "ऐकलंस? कशी गात होती! तू कशाला मारत होतीस?"

"गात होती, पण चालत नव्हती! पट्टा तिसाच्या खाली आला, आणि इंजिन पार साडेआठ हजारांच्या वर."

"काटा बिघडलाय."

"दोन्ही काटे बिघडले? आणि गाडी बसली तीही बिघडूनच का?"

 त्यानं गाडीचं झाकण उघडलं, हातमोजा काढला आणि उघडा तळवा क्लचच्या चकतीवर ठेवला. टेकवला नाही तोच चटका बसल्यासारखा मागे घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. मग तो तळहाताकडे बघत राहिला.

"बेल्ट घसरतोय," तो म्हणाला. "सगळी ताकद गरम होण्यात चाललीय. पट्ट्याला काही मिळतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वजनं हलकी आहेत. फार हलकी." तो बर्फात खाली बसला, कमरेएवढ्या बर्फात, नुसतं डोकं वर. "नॅडीन, गेली दोन-तीन वर्षं मला सगळ्याच गाड्या मेल्यासारख्या वाटायच्या. दबलेल्या. वाटायचं, हल्लीची इंजिनंच तशी. मग मी वजनं उतरवायचो. थोडी, आणखी थोडी. पूर्वीसारखी किंचाळली की मग बरं वाटायचं."

मला एकदम कळलं. गाड्या दबलेल्या नव्हत्या. त्याचा कान दबला होता, आणि त्या कानाला पूर्वीसारखं ऐकू येईपर्यंत तो प्रत्येक गाडीचं वजन काढत गेला होता. कुणाला शंकाही आली नाही, कारण आमच्या गावात गाडी जितकी बोंबलेल तितकी दमदार समजतात. एकट्या माणसाला घेऊन त्या कशाबशा चढायच्या. मागे मोडलेला माणूस बांधला तेव्हाच पितळ उघडं पडलं.

"ऊठ," मी म्हणाले. "बर्फात बसून कान परत येत नाहीत."

तो उठला. तंबाखूच्या जुन्या डबीत तो वजनं ठेवतो. उघड्या बोटांनी, त्या थंडीत, त्यानं क्लच सोडवून जड वजनं घातली. बोटांना काही झालेलं नव्हतं. बोटं विशीतलीच होती.

पुढच्या कोऱ्या पट्टीवर गाडीचा आवाज खालच्या सुरात आला, भरीव, घुमणारा. इंजिनाचा काटा आठ हजारांवर खिळ्यासारखा उभा, पट्ट्याचा पन्नासावर. माझा हात त्याच्या खांद्यावर नुसता टेकलेला. आणि जळक्या झाडांच्या मध्यावर ऑरिननं अंगठा सोडला. गाडी बसली.

"का सोडलास?"

"इंजिन पडलं."

"कुठं पडलं! जागचं हललं नव्हतं!"

"मला काही ऐकूच आलं नाही गं. मेली होती."

त्याच्या पुढच्या पट्टीवरही तेच. त्याच जागी. माझा हात सांगत होता चल, आणि कान सांगत होता संपलं. आणि तीस वर्षांची सवय, त्यानं कानाचं ऐकलं. मग तो खाली उतरला आणि तंबाखूच्या डबीकडे हात नेला.

"थोडं उतरवतो. थोडंसंच."

मी डबी उचलली आणि जॅकेटच्या आत, स्वेटरच्याही आत टाकली. "हिंमत असेल तर काढ."

"नॅडीन, शेवटची पट्टी राहिलीय. तीही गेली तर रविवारपर्यंत बघायला जागा नाही."

"मग ती तुझ्या कानावर कशाला उधळतोस? डार्सीला सगळ्यांसमोर अंगठा सोडलास म्हणालास. आज दोनदा कुणी सोडला?"

हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. त्या भल्या माणसानं मान खाली घातली.  मी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि त्याच्या हेल्मेटच्या भोकात कोंबली. अंगठ्यानं दाबदाबून, काठोकाठ.

"आता काही ऐकू नकोस. माझा हात तेवढा बघ."

"आणि आपटलो तर?"

"तर तुझ्याच अंगावर पडेन. तुझं नशीब."

शेवटची पट्टी दोन मोठ्या जळक्या खोडांच्या मधून जात होती. त्यानं अंगठा दाबला. मी हात ठेवला. त्या दोन वेळच्या जागेपाशी आलो तेव्हा त्याचं अंग ताठ झालेलं मला कळलं, खांदा दगड झाला होता. मी हात उचलला नाही, मारला नाही, नुसता दाबून धरला. काटे जागेवर होते. बर्फ छातीवरून, डोक्यावरून मागे जात होता, मला झाडं दिसत नव्हती, आभाळ दिसत नव्हतं, दोन काटे आणि माझा हातमोजा एवढंच दिसत होतं. मग गाडीचं नाक खाली झुकलं, वारा लागला, आणि आम्ही खिंडीच्या धारेवर होतो.

ऑरिननं गाडी बंद केली. झाकण उघडलं, हातमोजा काढला, तळवा चकतीवर ठेवला. आणि ठेवलेलाच राहू दिला. शेकोटीपाशी हात धरावा तसा, कितीतरी वेळ. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. वाऱ्यानं आलं म्हणायचं असेल तर म्हणा.

रविवारी अर्धा गाव खिंडीत जमला. थर्मास, घडीच्या खुर्च्या, कुत्री. आमच्याकडे दुसरी करमणूक नाही. डार्सीनं स्ट्रेचरमध्ये घोड्यांच्या खाद्याच्या गोण्या बांधल्या आणि गाडी चालू करून भुवया उडवल्या.

"हिचा घसा का बसलाय?"

"गाय हंबरतेय," हब म्हणाला. लोक हसले. एकानं ऑरिनच्या पाठीवर थाप मारून विचारलं की पथकाला दूधही मिळणार का.

त्या हसण्यातलं त्याला किती ऐकू आलं, कोण जाणे. पण चेहरे त्याला दिसत होते. त्याचा हात खिशातल्या डबीकडे गेलेला मी पाहिला. डबी मी परत दिली होती; जन्मभर स्वेटरात ठेवणार होते थोडीच. हात खिशापाशी थांबला, आणि रिकामाच बाहेर आला.

तो डार्सीजवळ गेला. "आवाजाकडे लक्ष देऊ नकोस. तुला वाटेल ही मेली. मरणार नाही. अंगठा सोडू नकोस." मग घसा खाकरून म्हणाला, "त्या दिवशी तू सोडला नव्हतास. चूक माझी होती."

 हेल्मेटची काच खाली करून डार्सी, चढण कोरी राहावी म्हणून, तळ्याच्या वाटेनं पलीकडच्या खोलगटात उतरली.

आम्ही धारेवर उभे राहिलो. खाली नुसती झाडं आणि कोरा बर्फ, माणूस दिसत नाही. दुपार कलल्यावर सगळ्यांनी माना वळवल्या, कारण खालून घुमणारा आवाज यायला लागला होता. ऑरिनलाही माना वळलेल्या दिसल्या. तो त्या दिशेला बघत होता, आणि बंद दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडावर असतो तसा भाव त्याच्या तोंडावर होता.

मग तो माझ्याकडे वळला, आणि सगळ्या गावादेखत, त्याच्या त्या बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यानं विचारलं, "नॅडीन, कशी वाजतेय?"

आयुष्यात त्यानं हे कुणाला विचारलं नव्हतं. लोक त्याला विचारायचे. हबनं तोंडाकडे नेलेला कप तसाच धरून ठेवला.

 मी हात त्याच्या खांद्यावर ठेवला, नुसता, सपाट. आवाज चढत होता, फुटत नव्हता, दबत नव्हता. झाडांच्या शेंड्यांवरून बर्फाचा फवारा दिसायला लागला, एकसारखा, मध्ये कुठे तुटला नाही. अपघाताच्या दिवशी ती जिथं बसली होती तिथं फवारा आला आणि पुढे सरकला. माझ्या हाताखाली त्याचा खांदा हळूहळू सैल होत गेला.

डार्सी धारेवर आली ती स्ट्रेचरसकट. उजवा अंगठा तसाच दाबलेला, आणि डावा हात वर. हाताची मूठ. माझ्यामागे आता कुणी नाही.

लोकांनी आरडाओरडा केला. ऑरिननं गाडीचं झाकण उघडून चकतीवर तळवा ठेवला, डार्सीचा हात धरून तोही तिथं ठेवला. ती हसायला लागली. "कोमट आहे रे!"

"सोमवारी हिला शहरात नेणार होतीस," मी आठवण दिली.

"कुठलं शहर?" डार्सी म्हणाली.

मग ऑरिन लोकांकडे वळला. भाषण करणारा माणूस नव्हे तो. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तुमच्या सगळ्यांच्या गाड्या मी हलक्या करून ठेवल्यात. परत आणा. पुन्हा लावून देतो."

 मग हब म्हणाला, "ऑरिन, तुला ऐकू येत नाही हे आम्हाला कधीचंच माहीत आहे."

"काय म्हणाला?" ऑरिननं मला विचारलं.

"दात बसवून घेतलेत म्हणतोय," मी ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेडसमोर गाड्यांची रांग लागली, आणि माझी चिली दुपारच्या आत संपली. वेडचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हणाले, त्या खोलीत शिवणाचं मशीन ठेव, नाहीतर पाहुणे ठेव, आम्हाला सध्या वेळ नाही.

जेवणं आटोपल्यावर मी ऑरिनचं हेल्मेट घेऊन बसले. जुन्या लोकरी मोज्याचा जाड तुकडा कापला, दाभणानं कडेनं भोकं पाडली आणि भोकावर शिवून टाकला. शिवण काही सुबक झाली नाही. ऑरिननं हेल्मेट हातात घेतलं, त्या ठिगळावरून अंगठा फिरवला, आणि मला वाटलं आता करवत मागतो.

त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं. बाहेर पहिली गाडी उभी होती, आणि जळक्या झाडांपाशी पहाटे नवा बर्फ पडला होता. तो गाडीवर बसला, माझ्याकडे वळला, माझा हात असायचा त्या खांद्यावर दोनदा थोपटलं, आणि मला मागे जागा करून देत पुढे सरकून थांबला.

मी एप्रन सोडला आणि मागे बसले.